अंगठा दिला, हात देणार नाही

सोमवार, ३ तारीख

अगं विसरभोळे, सकाळी काय खाल्लंस ते तुला दुपारी आठवत नाही, मग मी फोनवर सांगितलेलं तू कुठलं लक्षात ठेवणार? मागे तुला माझा चष्मा दुकानातून आणायला पाठवलं, तर तू पर्स दुकानात विसरून आलीस आणि चष्मा आणलास तो भलत्याच बाईचा. दोन दिवस मी जग तिच्या नजरेने पाहत होते. म्हणून आता बोलणं बंद, लिहिणं सुरू. वही भरली की तुझ्या हातात येईल. निदान वही हरवेपर्यंत तरी तुला सगळं आठवेल.

लिहिणारी अर्थात मी नाही. मला अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. मी बोलते आणि इथले कारकून लिहितात, रोज जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास. मी बजावलंय, बोलेन ते जसंच्या तसं उतरवायचं, खोकला आला तर खोकलासुद्धा. त्यांनी मान डोलावली. मान डोलावली ते लिहिलंत का कारकूनबुवा? लिहिलंय म्हणतात.

तर आजपासून तुझी आजी नोकरीला लागली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी! तुझे आजोबा असते तर म्हणाले असते, कोणाचं नशीब फुटलं. हे डॉक्टरकीचं कॉलेज आहे. मागच्या अंगाला तळमजल्यावर एक लांबलचक खोली, उंच खिडक्या, भरपूर ऊन, फिनेलचा वास. खोलीत सात माणसं उभी आहेत आणि एकाच्याही अंगावर मांस नाही. सांगाडे, गं. खरे. लोखंडी स्टँडला डोक्यापाशी हुक, हुकाला लटकलेले. त्यांच्या तारा जुन्या झाल्यात, गंजल्यात. गेल्या महिन्यात एकाचा गुडघा सुटून एका पोरीच्या पायावर पडला आणि ती चक्कर येऊन आडवी. डॉक्टर होणार म्हणे.

कारकुनांनी कधीतरी माझ्याकडून छत्री दुरुस्त करून घेतली होती. त्यांनीच माझं नाव सुचवलं. पन्नास वर्षं छत्र्यांच्या काड्या ओवल्या, तार वळवली, रिवेट ठोकले. माणूस तरी काय, वर कापड, आत काड्या, मधे एक दांडा. मी सातही जणांना फिरून पाहिलं आणि म्हटलं, दोन आठवड्यांत सगळे उघडमीट करतील.

हजेरीची वही याच खोलीत कारकुनांच्या टेबलावर असते, त्यांना ऑफिसात जागा नाही म्हणून. सही करा म्हणाले. म्हटलं, सही कसली डोंबलाची, अंगठा देते. डावा अंगठा शाईवर घोळवला, कागदावर दाबला आणि ठसक्यात म्हटलं, घ्या, दिला अंगठा! कारकुनांनी एकदम मान वर केली. माझ्याकडे नाही पाहिलं. कोपऱ्याकडे पाहिलं. कोपऱ्यात सातवा आहे.

मंगळवार, ४ तारीख

सातव्याचं नाव मी जावईबापू ठेवलंय. बाकीचे सहा गरीब बिचारे, ओळीत लटकतात. हा एकटा खिडकीशी, चांगल्या उन्हात, आणि याची ऐट केवढी! इथल्या मॅडम शिकवतात त्या याच्याच समोर, पोरं पाहतात ती यालाच, झटकून पुसून घ्यायचा तोही हाच. स्वतः काडीचं काम करत नाही. करणार कशाने म्हणा, याला हातच नाहीत. दोन्ही मनगटांपासून नुसत्या तारा लोंबतात. आणि एक गंमत. बाकी हाडं जुनी, चहाच्या डागासारखी तपकिरी, पण उजवा खांदा मात्र नवा कोरा, पांढराशुभ्र. कुठल्या तरी दुसऱ्या माणसाचा लावला असावा. जोड कुणी दिलाय ते पाहायला गेले तर तारच नाही. हाड हाडाला आपोआप धरून. पन्नास वर्षांत असं काम मी पाहिलं नाही.

दुपारी मॅडमनी तास घेतला. मी पक्कड थांबवून ऐकत बसले. तूही ऐक, आणि पाच बोटांवर मोज म्हणजे विसरणार नाहीस. सांगाड्याची पाच कामं. पहिलं आधार, म्हणजे आपण गोणपाटासारखे खाली बसत नाही ते. दुसरं जपणूक, कवटी मेंदूला जपते, फासळ्या काळजाला. तिसरं हालचाल, स्नायू ओढतात आणि हाड हलतं. चौथं ऐकून मी तोंडावर हात ठेवला. रक्त म्हणे हाडात तयार होतं, आतल्या लाल मगजात. आणि पाचवं साठा. शरीराला कॅल्शियम कमी पडलं की हाड स्वतःतलं काढून पुरवतं, आणि पोटात आलं की पुन्हा भरून घेतं. हाड म्हणजे वाळकं लाकूड समजू नका, मॅडम म्हणाल्या, ते जन्मभर खणलं जातं आणि जन्मभर भरलं जातं.

पहिली तीन कामं माझी छत्रीसुद्धा करते. पुढची दोन नाही. रक्त करणारी छत्री कोणी दुरुस्तीला आणली असती तर मी दुकानच बंद केलं असतं.

मी उठताना माझे गुडघे असे कडकडले की पोरं हसली. मॅडमनी विचारलं, तपासलंत का? म्हटलं, तपासलंय, डॉक्टर म्हणाले आजी तुमच्या हाडांची चाळणी झाली आहे. मी त्यांना म्हटलं होतं, मग जपून बोला, शब्द आरपार जातात. मॅडम हसल्या नाहीत. दूध पिता का म्हणून विचारलं.

बुधवार, ५ तारीख

तीन सांगाडे पूर्ण. जुनी तार काढायची, भोक साफ करायचं, नवी पितळी तार घालून दोन पीळ, टोक आत दडवायचं. पोरांची बोटं कापू नयेत.

माणसं चांगली आहेत इथली, फक्त प्रत्येकात काहीतरी कमी. वॉचमन डाव्या कानाने ठार बहिरा. त्याला डावीकडून हाक मारली तर तो झाडाला सलाम करतो. आणि आपले कारकूनबुवा डाव्या हाताने लिहितात. उजवा हात कायम खिशात. उजवी बाजू अशी उतरलेली की हँगरवरून निसटलेला कोटच. काय झालं विचारलं तर म्हणाले, जुनं आहे. आत्ता लिहिता लिहिता पेन थांबलं त्यांचं. लिहा हो, बदनामी नाही ही, वर्णन आहे.

आज अंगठा देताना ठसा पुसट आला. शाई कमी असेल. अंगठा जरा बधिर वाटतो, पक्कड धरून धरून झोप लागली असेल बिचाऱ्याला.

गुरुवार, ६ तारीख

आज तुझा फोन आला हे तुला आठवत नसेल, म्हणून लिहून ठेवते. माझे हात तारेत अडकलेले, म्हणून कारकुनांनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. मी तुला म्हटलं, जावईबापूंचं काम एकटीने जमणार नाही, तू घड्याळं दुरुस्त करणारी, तुझी बोटं बारीक, शनिवारी पंधरा तारखेला सुट्टी आहे ना, ये जरा. आणि तू काय म्हणालीस? म्हणालीस, आजी, एक काय, दोन्ही हात देते तुला!

अख्ख्या खोलीत घुमलं ते.

तेवढ्यात कोपऱ्यात टक झालं. जावईबापूंचा जबडा. स्प्रिंग सैल असेल, मी तपासलं. स्प्रिंग घट्ट होती.

कारकुनांनी घाईने फोन बंद केला. तू काय ते बाय म्हणत होतीस ते अर्धंच राहिलं. मी रागावले त्यांच्यावर.

शुक्रवार, ७ तारीख

चमचा दोनदा पडला. कप एकदा. मी डावखुरी, आणि डाव्या अंगठ्याने पक्कड धरवत नाही. दुखत नाही, हेच विचित्र. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईचं काहीतरी दुखत नाही म्हणजे काहीतरी चुकलंय.

शनिवार, ८ तारीख

नीट लिहा, कारकूनबुवा. एक शब्द गाळायचा नाही.

आज सकाळी मी अंगठा वाकवला तो मागे वळला. मागे म्हणजे पार मनगटाला टेकला. ओल्या फडक्यासारखा. दाबून पाहिलं, आत काही नाही. कातडं आहे, नख आहे, शाईचा डाग आहे. हाड नाही.

मग मी जावईबापूंकडे पाहिलं. डाव्या मनगटाची तार लोंबते तिथे, बाकी हात नसताना, एकटा अंगठा बसलाय. पांढरा. पहिल्या पेराशी डावीकडे वाकडा. तो वाकडेपणा मी ओळखते. तुझी आई सहा महिन्यांची होती, मोठ्या छत्रीची स्प्रिंग सुटली आणि अंगठा मोडला. वैद्याने वाकडा बसवला. असा वाकडा दुसरा अंगठा कोणाचा नाही.

मी तिथे बसून राहिले. घाबरले का? घाबरले. पण त्याहून राग आला. मोडला तेव्हा पंधराव्या दिवशी मी याच अंगठ्याने काम सुरू केलं होतं. त्याच्यावर तीन पोरं वाढवली. आणि हा आयतोबा तो लावून मिरवतोय.

सोमवार, १० तारीख

काल रविवार. मी घरी राहू शकले असते, आज आलेच नसते तरी चाललं असतं. आले. अंगठा इथे ठेवून मी घरी काय करू?

मॅडमना दाखवला. त्यांनी एक्स-रे काढायला लावला. फिल्ममध्ये चार बोटं आणि अंगठ्याच्या जागी धुकं. मॅडम म्हणाल्या फिल्म खराब आहे. मग सातव्याची हाडं यादीवरून मोजली आणि खूश झाल्या, म्हणाल्या दोन जास्तच भरताहेत, कुठली तरी हरवलेली सापडली वाटतं. शिकलेल्या माणसाला जास्त सापडलं की शंका येत नाही.

कारकूनबुवांना मी समोर बसवलं. म्हटलं, लिहा, स्वतःच्या हाताने लिहा की तुम्हाला माहीत होतं. पेन थांबलं. मी वॉचमनला बोलावून वाचून घेईन, लबाडी चालणार नाही, म्हटलं. मग लिहिलं त्यांनी. वॉचमनने वाचलं, लिहिलंय.

ते म्हणाले ते असं. आधी वॉचमनचं झालं. एका दुपारी जबडा वाजला म्हणून हा चेष्टेने म्हणाला, बोल बाबा, कान देतो. आठवड्यात डावा कान गेला. कानात तीन हाडं असतात, तांदळाच्या दाण्याहून लहान, ती गेली. कान मिळाल्यावर जावईबापूंना अख्ख्या खोलीतलं ऐकू यायला लागलं. मग खोली रंगवायला काढली, सातव्याला उचलायचं होतं, कारकून पुढे झाले आणि म्हणाले, थांबा, मी खांदा देतो.

तो घेतो तेच, जे आपण देतो म्हणतो.

मग मला का आणलंत, मी विचारलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. म्हणाले, तारा घट्ट झाल्या तर तो पडणार नाही, पडला नाही तर कोणाला उचलावा लागणार नाही, कोणी काही बोलणार नाही, एवढाच विचार केला. आजी, माझ्या ध्यानातच आलं नाही. आम्ही सही करतो.

बरोबर आहे. शिकलेला माणूस सही करतो. अंगठा देतो तो आमच्यासारखा. आणि मॅडम इतकी वर्षं धडधाकट कशा, तेही कळलं. त्या तास घेतात. देत कोणाला काही नाहीत.

मग मला तुझा आवाज आठवला. दोन्ही हात.

मंगळवार, ११ तारीख

फाटकाबाहेर जाऊन तुला तीनदा फोन लावला. शेजारीण उचलते, म्हणते फोन घरी विसरून कामावर गेली. विसरभोळे, विसरभोळे. हातावर कोणी गोंदून ठेवलं तर हात विसरशील.

विसर बाई, हात विसर. आणि शनिवारही विसर.

अंगठा सोडवायला गेले. पक्कड लावली. अंगठा वळला आणि त्याने पक्कडच धरली. माझीच पकड. मीच तर शिकवली त्याला. कारकुनांनी एका हाताने मला मागे ओढलं.

दोघेही म्हणतात निघून जा. मी जाईन. मग शनिवारी तू येशील, मला शोधत, या खोलीत, दारातून ओरडत, आजी कुठे आहेस, हात द्यायला आले. त्याच्या दोन्ही मनगटांच्या तारा आजपासून हलताहेत. वारा नाही.

त्याला हवंय काय, सांगू? आधार आहे त्याला, लोखंडी. जपायला आत काही नाही, तरी फासळ्या मिरवतो. हालचाल शिकतोय. रक्त आणि साठा मात्र त्याला कधी जमणार नाही, म्हणून दुसऱ्याचा साठा हवा. बरं. साठा माझ्याकडेही आहे. काय काय साठवलंय ते त्याला माहीत नाही.

बुधवार, १२ तारीख

आज मी त्याच्यासमोर स्टूल मांडून बसले. भर दुपारी, खिडक्या सताड उघड्या.

म्हटलं, जावईबापू, तुम्हाला दिलेलं चालतं ना? मग घ्या. मी आयुष्यभर लोकांना काय दिलं ते सांगते. सासूला ताप दिला. नवऱ्याला ताप दिला. तीन पोरांना, दुकानाच्या मालकाला, रस्त्यावरच्या प्रत्येक पोलिसाला ताप दिला. आज तुम्हाला देते. दिला ताप!

जबडा वाजला. मग दात वाजायला लागले. मग सगळाच. खांद्यापासून पावलापर्यंत खुळखुळा. हुडहुडी भरली त्याला! कवटीला हात लावला तर चटका बसला. वॉचमन दारात उभा राहून पोट धरून हसला. कारकूनही. इतक्या वर्षांत या खोलीत कोणी हसलं नव्हतं म्हणे.

मग मला जोर चढला. म्हटलं, ही गुडघेदुखी घ्या. दोन्ही गुडघ्यांची. दिली.

गेली, गं. वीस वर्षांची दुखी एका क्षणात. त्याचे गुडघे आत वळले, कडकडले, तो हुकावर लोंबला.

मी उठायला गेले आणि खाली पडले.

दुखणं एकटं जात नाही. ज्यात राहतं ते घेऊन जातं.

गुरुवार, १३ तारीख

मला दोघं स्टुलावर बसवून आणतात. हात देऊ का, असं चुकूनही म्हणत नाहीत. धरू का म्हणतात. शिकले.

मॅडमना सांगितलं पाय मुरगळला. त्यांनी आज तास दुसऱ्या खोलीत घेतला. घेऊ देत.

तोही थकलाय. वाकलाय. पण मनगटं ताठ. तारा शनिवारची वाट पाहताहेत.

माझ्याकडे त्याला द्यायला एकच मोठी वस्तू उरली आहे. कारकून नको म्हणतात. त्यांनी पेन खाली ठेवलं होतं, मी उचलायला लावलं. म्हटलं, माझ्या हाडांचा मालक कोण, तुम्ही?

म्हणाले, त्यापेक्षा मीच उरलेला खांदा—

पुढचं बोलू दिलं नाही मी. त्यांच्या तोंडात पाव कोंबला. अख्खा.

शुक्रवार, १४ तारीख, सकाळ

दिली. हाडं नाही, नुसती भोकं. चाळणीची भोकं देते म्हटलं, सगळी, न मोजता घ्या—

वाटलं होतं हुशारी केली. भोक तेवढं जाईल, हाड राहील.

भोक एकटं निघत नाही. भोवतालचं घेऊनच निघतं.

पण अगं, तो पडला! उभाच्या उभा पडला. मणके फुटाण्यासारखे उडाले. मांड्या, फासळ्या, कवटी, हात लावला तर पीठ. अशी ऐट होती! दोन मिनिटांत पोतंभर भुकटी.

भोकं बहुतेक तिथेच होती, म्हणून कमरेखाली मी आता गोधडी आहे. घडी घाला हवी तर.

शुक्रवार, दुपार

सगळं पीठ झालं नाही. खांदा राहिला. तो धडधाकट माणसाचा. कानातली तीन हाडं भुकटीत कुठेतरी असणार, वॉचमनला सापडत नाहीत. आणि अंगठा राहिला. माझा. त्याला ना दुखी होती ना भोकं. तेवढा एक चांगला होता.

तो फरशीवर चालत होता. दाराकडे.

वॉचमनने त्याच्यावर बादली पालथी घातली. मग सगळं, भुकटीसकट, लाकडी पेटीत भरलं आणि मला वर बसवलं. कडी मोडकी आहे. वजन माझं अजून माझंच आहे. कारकून शेजारी बसलेत, मांडीवर वही. दोघं मिळून बरे जड होतो.

आतून टकटक करतो. शाईचा पॅड मागत असेल.

आता ऐक, आणि या खेपेला लक्षात ठेव. वॉचमनची पाळी संपते आहे, वही तोच घेऊन येईल. उद्या यायचं नाही. पेटीतला तो ऐकतोय अजून, कान त्याच्यापाशीच आहे, आणि तुझे दोन्ही हात तू बोलून बसली आहेस. जन्मभर सगळं विसरलीस, आता एवढंही विसर. असं काही बोललेच नव्हते म्हण. लोकांना पटेल.

मी मात्र उठत नाही. त्याला सांगितलंय, माझा अंगठा दे. कारकुनांचा खांदा दे, वॉचमनचा कान दे. त्याला घेणं येतं, देणं माहीत नाही. शिकेल. तुझ्या आईला बोलायला शिकवलं, तुला शिकवलं, हा काय मोठा लागून गेला? दर तासाला सांगणार आहे. दे. चौऱ्याहत्तर वर्षं मी कोणाच्या तरी डोक्यावर बसूनच काढली, पेटीवर बसायला कितीसा वेळ—

आत्ता झाकण जरा उचललं गेलं. नाही, बसलं परत. कारकूनबुवा, लिहा, हसायला काय झालं, तुम्ही जरा टेकून बसा.

मॅडमचं पाचवं काम विसरली नाहीस ना? साठा. हाड जन्मभर भरलं जातं. मी माझं पुन्हा भरणार. वेळ लागला तर लागू दे. म्हणून खायला पाठव. फाटकापर्यंतच, वॉचमनकडे. तो विचारेल आजींना द्यायचं का, तर हो म्हणू नको. म्हण, पाठवलंय. देते हा शब्द तुझ्या तोंडून निघायला नको, कागदावर नको, डब्यावर नको. दूध पाठव, भरपूर, रोज. अंडी उकडून, सोलून. तीळ भाजून, कुटून. बारीक मासे, काट्यांसकट, मऊ शिजवलेले. कारकुनांसाठी दुप्पट, खांदा मोठा असतो. आणि चमच्याने खायचं काही पाठवू नकोस, चमचा धरायला अंगठा लागतो, जे पाठवशील ते असं पाठव की पेला नुसता ओठाला लावून मला पिता येईल. बास, वॉचमन वही न्यायला उभा आहे, मी झाकण दाबून बसले आहे.